दूध, दही, तूप आणि चीज सोडताना: मराठी स्वयंपाकघरासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

माझं आजोळ सांगलीकडचं. गोठ्यात तीन म्हशी असायच्या. सुट्टीत गेलं की पहाटे धार काढताना मी शेजारी बसून राहायचे. रेडी झाली तर तिला जपलं जायचं. नर रेडकू झालं तर त्याच्या वाट्याला जेमतेम दूध यायचं आणि काही आठवड्यांनी ते गोठ्यात दिसेनासं व्हायचं. लहानपणी विचारलेला प्रश्न पस्तिशीत पुन्हा समोर आला आणि मी दुधाचे पदार्थ सोडायचं ठरवलं. या गोष्टीला आता पाच वर्षं झाली.

तुमचं कारण वेगळं असेल. कुणाला दूध पचत नाही, कुणाला त्वचेचा त्रास आहे, कुणाच्या मुलीने कॉलेजातून येऊन 'मी व्हेगन झाले, आता दूधतूपही नको' असं सांगितलंय आणि आईला स्वयंपाकाची चिंता लागलीय. कारण कुठलंही असो, अडचणी त्याच येतात. पहिल्या वर्षी मी बऱ्याच चुका केल्या आणि त्यातली एक तब्येतीवर बेतली. त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक खुलासा. दुधाची खरी ॲलर्जी असेल, म्हणजे अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं असं होत असेल, तर हा लेख पुरेसा नाही. तिथे एका चमच्याला लागलेलं दहीही धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पुढे जा. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी, या दोन्हींची गल्लत करू नका.

हाताशी काय हवं

फार काही विकत घ्यावं लागत नाही. बारीक वाटणारा मिक्सर, मलमलचं किंवा जुन्या धुतलेल्या पंचाचं कापड, एक जाड बुडाचं पातेलं, मोठी गाळणी आणि झाकणाची काचेची बरणी. किराण्यात शेंगदाणे, सोयाबीन, काजू, पांढरे तीळ, नाचणी, साबुदाणा, ओला नारळ, आमसुलं आणि आयोडीनयुक्त मीठ. घरात फक्त सैंधव वापरत असाल तर आयोडीनची सोय वेगळी बघावी लागेल. याशिवाय एक वही आणि रक्ततपासणीचे जुने रिपोर्ट असतील तर तेही.

१. सगळ्यात आधी रक्त तपासून घ्या

ही पायरी मी गाळली होती, म्हणून ती पहिली ठेवली आहे.

जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याकडे शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातून मिळतं. तेही बेताचंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला, त्यात निम्म्याहून अधिक जणींमध्ये बी-१२ कमी आढळलं. त्या दूध सोडलेल्या स्त्रिया नव्हत्या, रोजचं साधं जेवण जेवणाऱ्या होत्या. म्हणजे आपल्यातले बरेचजण दूध सोडण्याआधीच काठावर उभे असतात.

यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो, असं मी वाचलं होतं. त्या भरवशावर मी चौदा महिने गोळी घेतली नाही. माझा साठा मुळातच रिकामा असू शकतो, हे लक्षातच आलं नाही. तळपायांना मुंग्या यायला लागल्या, जीभ सोलल्यासारखी झाली, जिना चढताना दम लागायला लागला. तपासलं तेव्हा आकडा फारच खाली होता. इंजेक्शनं घ्यावी लागली. बरी झाले, पण मुंग्या पूर्ण जायला कित्येक महिने लागले. ही कमतरता फार लांबली तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं राहू शकतं.

तेव्हा दूध सोडायच्या आधी बी-१२, २५-हायड्रॉक्सी ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासा. गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवा आणि ती पहिल्या दिवसापासून सुरू करा. ताडगोळा, स्पिरुलिना, आंबवलेलं पीठ, न धुतलेली भाजी यांतून बी-१२ मिळतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी आपल्या शरीराला न वापरता येणारं असतं.

ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमध्ये डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढलेलं असतं. दगडफुलाच्या जातीतल्या शैवाकापासून (लायकेनपासून) केलेलं डी-३ सुद्धा मिळतं, औषधाच्या दुकानात विचारा. अनेक गोळ्यांमध्ये भर म्हणून लॅक्टोज घातलेलं असतं. त्यापायी चालू असलेलं औषध स्वतःहून बंद करू नका. पर्याय असेल तर डॉक्टर देतील, नसेल तर ते औषध घ्या.

गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा घरातल्या लहान मुलाचं दूध बंद करायचा विचार असेल तर आहारतज्ज्ञ हवाच. एक वर्षाखालच्या बाळाला घरचं सोया किंवा बदामाचं दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नका.

२. तुमच्या घरात दूध काय काय काम करतं ते लिहून काढा

वही यासाठी हवी होती. एक आठवडा घरातलं दूध कुठे कुठे जातं ते लिहा. माझ्या यादीत निघालं: दोन वेळचा चहा, कोशिंबिरीतलं दही, दुपारचं ताक, वरणभातावरचं तूप, पोळीला लावायचं तूप, रविवारचं पनीर, मुलाच्या सँडविचमधलं चीज, सणाचं गोड आणि रात्री झोपताना हळददूध.

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. तो दुकानात जाऊन 'दुधाऐवजी काय' म्हणून बदामाच्या पेयाचं एक महागडं पाकीट आणतो, त्याचा चहा करतो, त्यालाच विरजण लावतो, दोन्ही बिघडतं आणि आठवड्यात सगळं सोडून देतो. दुधाच्या जागी बसणारी एकच वस्तू नाही. चहाला दाटपणा हवा असतो, कोशिंबिरीला आंबटपणा, वरणाला स्निग्धता आणि वास, पिझ्झ्याला खारटपणा आणि तार. कामं वेगळी आहेत, म्हणून प्रत्येकाची उत्तरंही वेगवेगळी शोधावी लागतात, आणि त्यातली बरीचशी आपल्याच स्वयंपाकात आधीपासून आहेत.

सगळं एका दिवसात बंद करू नका. मी आधी ताक, मग तूप, मग पनीर आणि सगळ्यात शेवटी चहा बदलला. तुमच्या यादीत जे सोपं वाटेल ते आधी घ्या.

३. चहा

कोरा चहा आवडत असेल तर प्रश्न मिटला. गवती चहा, सुंठ, लिंबू, थोडा गूळ घालून बघा. दुधाचाच चहा हवा असेल तर माझ्या अनुभवात सोयाबीनचं दूध सगळ्यात जवळ जातं.

ते घरी असं करा. एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवा. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन भरपूर पिकतं, किराण्यात सहज मिळतं. सकाळी पाणी फेकून द्या, दाणे चोळून सालं काढा आणि उकळतं पाणी घालून वाटा. गरम पाण्याने वाटलं की तो कच्च्या शेंगेसारखा वास बराच कमी होतो. थंड पाण्याने वाटलं तर वास बसतो आणि मग वेलचीनेही जात नाही. एकूण पाच-सहा वाट्या पाणी घालून गाळा आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. ते भसकन वर येतं, पातेलं सोडून जाऊ नका. कच्चं किंवा अर्धवट उकळलेलं सोयादूध कधीही पिऊ नका, त्यात पचनाला अडथळा आणणारे घटक असतात आणि ते शिजवल्यावरच निकामी होतात. उरलेला चोथा थालीपिठात घाला.

चहात हे दूध फाटतं, अशी सगळ्यांची तक्रार असते. त्याची कारणं दोन. चहा आंबटसर असतो आणि सोयाचं प्रथिन उकळत्या आंबटपणात गोठतं. म्हणून चहा पाण्यात पूर्ण उकळून घ्या, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि मग वेगळं कोमट केलेलं सोयादूध ओता. आलं घालत असाल तर ते पाण्यातच चांगलं उकळलेलं हवं, कच्च्या आल्यातल्या पाचकद्रव्यानेही दूध फुटतं. गूळ घालायचा तर कपात.

ओट्सचं पाकिटातलं पेय कॉफीत छान लागतं. घरी केलेलं ओट्सचं दूध मात्र तापवू नका, चिकट पेज होते. पाकिटातल्या बदामाच्या पेयात बदाम थोडे आणि प्रथिनं फारच कमी असतात, आणि बऱ्याचदा साखर घातलेली असते. चवीला घ्या, पण दुधाइतकं पोषण त्यातून मिळेल असं समजू नका.

थायरॉईडची गोळी घेत असाल तर लक्षात ठेवा, सोया आणि कॅल्शियम दोन्ही त्या गोळीच्या शोषणात अडथळा आणतात. गोळी उठल्याउठल्या पाण्याबरोबर घेऊन लगेच सोयाचा चहा पिऊ नका. किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

४. दही आणि ताक

दही गेलं तर जेवण कोरडं वाटेल अशी मला भीती होती. मग सासूबाईंनी एक दिवस विचारलं, "अगं, खमंग काकडीत कुठे दही असतं?" खरंच नसतं. चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, लिंबू, ओलं खोबरं आणि वरून हिरव्या मिरचीची फोडणी. त्यांचं माहेर मालवणचं. ताकाची कढी त्यांच्याकडे क्वचित व्हायची, रोज सोलकढी: आमसुलाचा आगळ, नारळाचं घट्ट दूध, लसूण, मिरची, कोथिंबीर. देशावरच्या माझ्यासारखीला ती मासे खाल्ल्यावर प्यायची गोष्ट वाटायची. आता ती आमच्याकडे आठवड्यातून तीनदा होते.

तरीही खरं दही हवं असतंच. त्यासाठी शेंगदाणे.

एक वाटी शेंगदाणे सहा-आठ तास भिजवा. सालं काढा, नाहीतर दह्याला तुरट चव आणि तपकिरी झाक येते. तीन वाट्या पाणी थोडं थोडं घालत अगदी गंधासारखं वाटा आणि कापडातून पिळून काढा. हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळत उकळा, ते तळाला फार लवकर लागतं. उकळी आल्यावर पाच मिनिटं आणखी ठेवा. मग बोट घातल्यावर सुखद कोमट लागेपर्यंत निववा.

आता विरजण. पहिल्या वेळी तुमच्याकडे बिनदुधाचं विरजण नसतं. हिरव्या मिरच्यांचे आठ-दहा देठ, टोपीसकट, धुऊन कोमट दुधात बुडवा. देठांवर दही लावणारे जिवाणू असतात. झाकून उबदार जागी आठ-दहा तास ठेवा. पुण्यातल्या डिसेंबरात मी बरणी पीठाच्या डब्यात खोचून ठेवते आणि बारा तास देते. पहिलं दही सैल लागेल, वास थोडा मिरचीचा येईल. ते टाकू नका. देठ काढा आणि त्यातले दोन चमचे पुढच्या दुधाला लावा. तिसऱ्या खेपेला दही कवडीसारखं नाही, पण व्यवस्थित लागतं.

चव शेंगदाण्याची असते, हे आधीच सांगते. कोशिंबिरीत ती खपून जाते, कारण आपण एरवीही दाण्याचं कूट घालतोच. ताक करताना हिंग, जिरं, आलं आणि काळं मीठ सढळ हाताने घाला. कढी करायची तर बेसन नेहमीपेक्षा थोडं जास्त घ्या आणि खळखळून उकळू देऊ नका. दहीभाताला मात्र मला सोयादुधाचं दही जास्त आवडतं, त्याला चव कमी आणि पांढरेपणा जास्त असतो. कृती तीच.

५. तूप

वरणभातावरच्या तुपाला पर्याय शोधण्यात मी वर्ष घालवलं. शेवटी उत्तर फोडणीत मिळालं. घाणीच्या शेंगदाणा तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हिंग आणि कढीपत्ता कुरकुरीत करून ती वरून ओतते, लिंबू पिळते. ही तुपाची चव नाही, वेगळी चव आहे, पण पान पूर्ण वाटतं. भाकरीवर कच्चं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल आणि चटणी, हे तर मराठवाड्यात-विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पोळीच्या घडीत तेल लावा. पोळ्या मऊ राहाव्यात म्हणून कणीक जरा सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा.

लाडूंचा प्रश्न खरा कठीण आहे. बेसनाचा लाडू वळला जातो तो तूप गार झाल्यावर गोठतं म्हणून. तेल गोठत नाही. खोबरेल गोठतं, पण साधारण २४ अंशांच्या खालीच. दिवाळीच्या गारव्यात खोबरेल तेलातले बेसनलाडू सुरेख होतात, मे महिन्यात ते ताटलीत बसकण मारतात. उन्हाळ्यात गुळाच्या पाकातले तिळाचे, शेंगदाण्याचे किंवा खोबऱ्याचे लाडू करा, त्यांना तुपाची गरज नाही.

वनस्पती तूप दुधाचं नसतं हे खरं. तरी त्याची सवय लावून घेऊ नका. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी ते रोजच्या वापराचं स्निग्ध नव्हे. मार्जरीनच्या डब्यावर तर मिल्क सॉलिड्स असू शकतात.

६. पनीर आणि चीज

पनीर सोपं आहे. सोयादूध उकळून गॅस बंद करा, लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घाला, फाटलं की कापडात बांधून वजनाखाली ठेवा. हा टोफू. बाजारातला टोफू घेत असाल तर घटकांत कॅल्शियम सल्फेट आहे का बघा. त्या टोफूतून कॅल्शियमही मिळतं, लिंबाने फाडलेल्या टोफूतून फारसं नाही. टोफू बेचव लागतो अशी तक्रार करणारे बहुधा तो पाण्यासकट रश्श्यात टाकतात. आधी दाबून पाणी काढा, मीठ-हळद-तिखट चोळून अर्धा तास ठेवा, तव्यावर लालसर परता, आणि रस्सा उतरवताना घाला.

चीज सोडणं बहुतेकांना सगळ्यात जड जातं. आमच्या घरी मुलगा दहा वर्षांचा होता, त्याच्यावर सक्ती करायची नाही असं मी ठरवलं होतं. माझ्यापुरतं सांगते: दोन महिने मला चीज डोशाच्या गाडीसमोरून जाताना थांबावंसं वाटायचं. चीजमध्ये अफूसारखं काहीतरी असतं म्हणून ते सुटत नाही, असं तुम्हाला सांगितलं जाईल. केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, पचताना तशा जातीचे तुकडे बनतात हे खरं, पण त्याने माणसाला व्यसन लागतं हे सिद्ध झालेलं नाही. ओढ लागते ती मीठ, चरबी आणि मुरताना तयार होणारं ग्लुटामेट एकत्र आल्यामुळे. टोमॅटो, मशरूम, सोया सॉस, परतून तपकिरी केलेला कांदा यांतही तीच खोल चव असते. सँडविचमध्ये चीजच्या जागी नुसती काकडी ठेवलीत तर जेवल्यासारखं वाटणारच नाही. तिथे लालसर परतलेला कांदा, भाजलेला टोमॅटो आणि काजूची खारट चटणी ठेवा, मग फरक बघा.

वितळणारं चीज हवं असेल तर हे करा. एक वाटी काजू दोन-तीन तास भिजवा. सव्वा वाटी पाणी, लसणाची एक पाकळी, एक चमचा मीठ, एक मोठा चमचा लिंबाचा रस, तीन मोठे चमचे साबुदाण्याचं पीठ आणि मिळालं तर दोन मोठे चमचे न्यूट्रिशनल यीस्ट (चीजसारखी चव देणारं, निष्क्रिय केलेलं यीस्ट) घालून गंध वाटा. साबुदाणा कोरडा, किंचित भाजून मिक्सरमधून काढला आणि चाळला की पीठ तयार. मिश्रण कढईत मंद आचेवर ढवळा. आधी गुठळ्या होतील, घाबरू नका, ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत ते चकचकीत होऊन कढई सोडायला लागतं आणि चमचा उचलला की तार येते. हे पिझ्झ्यावर, डोशात, पावात चालतं. कापता येणारा ठोकळा हवा असेल तर पाण्यात विरघळवून उकळलेला चायना ग्रास मिसळून साच्यात ओता.

इथे दोन सावधगिऱ्या. न्यूट्रिशनल यीस्ट म्हणजे पावाचं यीस्ट नव्हे, ते घातलंत तर सगळं कडू होईल. आणि त्यात बी-१२ असतं ते मुद्दाम घातलेलं असेल तरच, डब्यावर वाचा. दुसरं, बाजारातल्या तयार व्हेगन चीजमध्ये बहुतांशी खोबरेल आणि स्टार्च असतो. वाढदिवसाला ठीक, प्रथिनांसाठी त्याच्यावर विसंबू नका.

७. पाकीट वाचायला शिका

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्या कायद्यात दूध शाकाहारी आहे. त्या ठिपक्याचा इथे उपयोग नाही. २०२२ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, व्हेगन पदार्थांचे वेगळे नियम केले, तेव्हापासून चौकटीतला हिरवा 'व्ही' आणि त्यावर पान असं चिन्ह आलं आहे. ते असेल तर वाचायची गरज नाही. नसेल तर घटक वाचा आणि खाली ॲलर्जीची सूचना बघा. दूध असेल तर तिथे सांगणं बंधनकारक आहे. घाईत असाल तर तेवढी एकच ओळ वाचा.

शोधायचे शब्द: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन, केसिनेट, बटर ऑइल, लॅक्टोज, कर्ड पावडर, चीज पावडर. मसाला वेफर्स, बिस्किटं, टोस्ट, काही पाव, सूपची पाकिटं आणि चॉकलेट यांत ते हमखास सापडतात. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या, कॉफीत दुधाऐवजी घालायच्या पावडरीत केसिनेट असू शकतं. 'लॅक्टोज-फ्री' आणि 'ए-२' दूध म्हणजे दूधच. उलट कोको बटर, पीनट बटर वनस्पतीचंच असतं आणि लॅक्टिक ॲसिड बहुधा साखर आंबवून केलेलं असतं. दुकानात 'सोया मिल्क' शोधत फिरू नका. दुधाचं नाव वनस्पतिजन्य पेयांना लावता येत नाही, म्हणून पाकिटावर 'ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' असं असतं.

८. कॅल्शियमचा हिशेब

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पेलाभर दुधातून साधारण २५० मिळतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०, तिळात १२०० च्या वर आणि शेवग्याच्या पाल्यात ३०० हून अधिक. नाचणीच्या दोन भाकऱ्या, दोन मोठे चमचे तिळाची चटणी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली की अर्धी वाट पार होते. उरलेली गरज कॅल्शियम घातलेल्या सोया पेयातून किंवा टोफूतून भरा. पाकीट ओतण्याआधी जोरात हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं.

नाचणी भिजवून मोड आणून दळली आणि तीळ भाजून कुटले की शोषण सुधारतं. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे त्याचं कॅल्शियम फारसं हाती लागत नाही. प्रथिनांची काळजी मी इथे लांबवत नाही. रोज दोन वेळा डाळ-उसळ आणि मूठभर शेंगदाणे किंवा सोयाबीन पोटात जात असेल तर ती भरून निघतात.

९. घर, सण, उपास

घरच्यांना वाद घालून पटवायला जाऊ नका. मी पहिल्या गणपतीत पंचामृतावरून बोलले आणि दोन दिवस घरात कुणी धड बोलत नव्हतं. आता देवाचं पंचामृत सासूबाई त्यांच्या पद्धतीने करतात, मी तीर्थ म्हणून तुळशीचं पाणी घेते. त्यांना ते चालतं आणि मलाही.

गोडाधोडात मालवणने मला तारलं. शिरवाळे नारळाच्या गुळाळ रसात बुडवून खातात, घावनाबरोबर नारळाचा रस असतो, गोव्यात चणाडाळ-गूळ-नारळाच्या दुधाचं मणगणं करतात. उकडीच्या मोदकात मुळात दूध नाही, पारीला तेलाचा हात लावा आणि वरून तुपाऐवजी घट्ट नारळाचं दूध. पुरणपोळीही त्याच रसाबरोबर खा. कोजागरीला भिजवलेले बदाम-काजू वाटून, केशर-वेलची-जायफळ घालून आटवते. श्रीखंडाला सोयादुधाचं टांगलेलं दही आणि थोडी काजूची पेस्ट. पेढे आणि खरवस यांना मला पर्याय सापडला नाही, आणि मी तो शोधणंही थांबवलं.

उपासाला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. शेंगदाण्याच्या दुधाला नाक मुरडणाऱ्यांना मी हीच आमटी आठवून देते. आपण ते दूध कधीपासून जेवतोच आहोत. साबुदाण्याची खिचडी शेंगदाणा तेलात करा आणि बटाटा जरा जास्त घाला.

दुसऱ्याच्या घरी जेवायला जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा आणि एक पदार्थ स्वतः घेऊन जा. यजमानीणबाईंनी प्रेमाने पोळीवर तूप सोडलं आणि तुम्ही ताट सरकवलंत, तर दोघींनाही वाईट वाटतं.

१०. बाहेर खाताना आणि प्रवासात

वेटरला 'व्हेगन' म्हणू नका, त्याला 'व्हेज' ऐकू येतं. 'दूध, दही, तूप, लोणी, पनीर, चीज, क्रीम यातलं काही घालू नका' असं एकेक नाव घेऊन सांगा. एकदा एका हॉटेलात मी 'डेअरी नको' एवढंच सांगितलं, आणि वरण तुपाच्या फोडणीचं आलं. विचारल्यावर उत्तर मिळालं, "ताई, तूप म्हणजे कुठे दूध?" तेव्हापासून तूप पहिलं सांगते.

वडापाव, मिसळ, कांदेपोहे, झुणका-भाकर, इडली, भेळ, साधा डोसा यांत बहुधा दूध नसतं. पावाला लोणी लावू नका आणि डोसा तेलावर घाला, हे मात्र सांगावं लागतं. नानच्या पिठात दही-दूध असतं, तंदुरी रोटी विनालोणी मागा. पंजाबी ग्रेव्ह्यांत क्रीम धरूनच चला. ढोकळ्यात दही आहे का ते विचारा. थालीपीठ घेतलंत तर त्यावर येणारा लोण्याचा गोळा आधीच नको म्हणा.

लांबच्या प्रवासात मी दशम्या नेत नाही, त्या दुधातल्या असतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडीच्या जागी तिळाच्या वड्या आणि बी-१२ च्या गोळ्यांची पट्टी पर्समध्ये. निघण्याआधी शेंगदाण्याच्या दह्याचं विरजण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते, परत आल्यावर एक खडा काढून कोमट दुधात सोडायचा. कधी तेही विसरलं तर मंडईतून देठासकट मिरच्या आणायच्या आणि पहिल्या दह्यापासून पुन्हा सुरुवात करायची.

सहा महिन्यांनी बी-१२ पुन्हा तपासा. मग वर्षातून एकदा. तारीख त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.